दुसऱ्या देशात स्थायिक झाल्यावर ट्रकचालकाचा व्यावसायिक परवाना कसा मिळवावा

मोटारीचा परवाना फारशी खळखळ न करता बदलून देणारे देशसुद्धा अवजड वाहनाच्या परवान्याची वेळ आली की हात आखडता घेतात. अमेरिका परदेशी व्यावसायिक परवान्यांपैकी केवळ कॅनडा आणि मेक्सिको या शेजाऱ्यांचेच परवाने आपल्या परवान्याच्या तोडीचे मानते. इतर कोणत्याही देशातून आलेल्या चालकाला, त्याने आयुष्यभर ट्रेलर ओढला असला तरी, नवशिक्याच्याच रांगेत उभे राहावे लागते. युरोपीय संघात एका सदस्य देशाचा परवाना दुसऱ्या सदस्य देशात चालतो, पण संघाबाहेरचा परवाना बदलून द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर परीक्षा घेऊन की न घेता, हे प्रत्येक देश स्वतंत्रपणे ठरवतो. त्यामुळे नव्याने आलेल्या चालकाने आपला जुना परवाना बदलून मिळेल असे धरून न चालता, सर्व टप्पे नव्याने पार करावे लागतील असे गृहीत धरूनच आखणी करावी. हे टप्पे कोणत्या क्रमाने घ्यायचे, याला फार महत्त्व आहे. एक कागद मागे राहिला की पुढची तारीख मिळत नाही, आणि दरम्यान आधी काढलेल्या कागदाची मुदत संपते. बहुतेकांचे महिने परीक्षेत नापास होण्यापेक्षा याच चक्रात वाया जातात.

देश सोडण्यापूर्वीची तयारी

हा टप्पा सर्वात स्वस्त आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. जुन्या देशातल्या परवाना कार्यालयाकडून चालकाच्या नोंदीचा अधिकृत उतारा घ्यावा. त्यात परवाना प्रथम कधी दिला, अवजड वाहनाचा वर्ग त्यावर कोणत्या तारखेला चढवला, तो सध्या वैध आहे का आणि त्यावर निलंबनाची नोंद आहे का, या चार गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. परवान्याच्या कार्डावर अनेकदा केवळ शेवटच्या नूतनीकरणाची तारीख असते, आणि मग पंधरा वर्षांचा चालक कागदावर दोन वर्षांचा ठरतो. हा उतारा परदेशात बसून मागवायचा झाल्यास वकिलात, नातेवाईक आणि टपाल या तिघांच्या भरवशावर राहावे लागते.

ज्या मालकांकडे काम केले त्यांची अनुभवपत्रे लेटरहेडवर घ्यावीत. ‘अमुक यांनी आमच्याकडे चालक म्हणून समाधानकारक काम केले’ एवढ्या मजकुराचा नव्या देशातल्या मालकाला किंवा विमा कंपनीला काहीही उपयोग होत नाही. वाहनाचा प्रकार, आसांची संख्या, एकूण वजन, ट्रेलर होता की नाही, गिअर हाताचे होते की ऑटोमॅटिक, कामाचा कालावधी, अपघातांची नोंद आणि पडताळणीसाठी संपर्क एवढे तपशील पत्रात असावेत. कागद ज्या भाषेत आहेत ती नव्या देशात चालत नसेल तर अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावे लागते. मात्र कोणता अनुवादक मान्य आहे हे तिथल्या कार्यालयाच्या यादीवरून ठरते, म्हणून भाषांतर शक्यतो तिथे पोहोचल्यावर करावे. दोन्ही देश 1961 च्या हेग करारात असतील आणि कागद प्रमाणित करून मागितले जात असतील, तर ॲपोस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याच्या सरकारी दाखल्याचा, शिक्का मात्र कागद ज्या देशाचा आहे त्याच देशात मिळतो. तो निघण्याआधी घेतलेला बरा.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. पारपत्रावर वडिलांचे नाव मधल्या जागी पूर्ण लिहिलेले, परवान्यावर केवळ आद्याक्षर, आणि अनुभवपत्रावर आडनाव आधी, अशी तीन रूपे असली की नव्या देशातला कारकून त्यांना तीन माणसे समजतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर ते चूकही नाही. जुन्या परवान्यावरचे नाव पारपत्राप्रमाणे करून घेणे शक्य असेल तर ते आधीच करावे.

आंतरराष्ट्रीय चालक परवान्याबद्दल बराच गैरसमज आहे. ती पुस्तिका म्हणजे मूळ परवान्याचे मान्यताप्राप्त भाषांतर असते, आणि ती पाहुण्यांसाठी असते. तिच्या आधारे स्थायिक झालेल्या माणसाला मालवाहू ट्रकवर नोकरी करता येत नाही.

निवास, कामाचा हक्क आणि मोटारीचा परवाना

व्यावसायिक परवाना मागताना तुम्ही त्या देशात कोणत्या हक्काने राहता आणि तुम्हाला काम करण्याची परवानगी आहे का, हे बहुतेक ठिकाणी तपासले जाते. युरोपात ‘नेहमीचे वास्तव्य’ ही अट आहे आणि ती साधारणपणे वर्षातल्या किमान 185 दिवसांच्या राहण्यावरून मोजली जाते. अमेरिकेत हा विषय सध्या विशेष तापलेला आहे: ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने व्यावसायिक ट्रकचालकांसाठीचे कामाचे व्हिसा देणे थांबवले, आणि त्याच वर्षी तात्पुरत्या दर्जाच्या रहिवाशांना मिळणाऱ्या व्यावसायिक परवान्यांवर कडक निर्बंध आणण्याचा नियम निघून तो न्यायालयातही गेला. ज्यांचा निवासाचा दर्जा कायमस्वरूपी नाही त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या दर्जाच्या माणसाला आज परवाना मिळतो का, हे राज्याच्या परवाना विभागाकडे लेखी विचारावे. शाळेच्या स्वागतकक्षात मिळालेले उत्तर यासाठी पुरेसे नाही, कारण शाळेला तुमचे शुल्क हवे असते.

ट्रककडे जाण्याची वाट बहुतेक देशांत मोटारीच्या परवान्यातून जाते. ब्रिटनमध्ये लॉरीचा शिकाऊ हक्क मागण्यासाठी हातात मोटारीचा पूर्ण परवाना असावा लागतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ट्रेलर ट्रकच्या ‘ए’ वर्गासाठी मोटारीचा पूर्ण ‘जी’ परवाना लागतो, त्याआधीच्या ‘जी1’ किंवा ‘जी2’ पायऱ्या चालत नाहीत. परदेशी परवान्यावर मोटार चालवण्याची मुदतही देशागणिक बदलते: ओंटारिओत नव्या रहिवाशाला 60 दिवस, जर्मनीत सहा महिने, ब्रिटनमध्ये 12 महिने. ही मुदत संपेपर्यंत थांबू नये. ऑस्ट्रेलियात तर वर्गांची शिडीच आहे, आणि प्रत्येक पायरीवर ठरावीक काळ थांबावे लागते: तीन किंवा अधिक आसांच्या ट्रकच्या ‘एचआर’ वर्गासाठी मोटारीचा परवाना दोन वर्षे असावा लागतो, आणि बी-डबल किंवा रोड ट्रेन, म्हणजे एकामागोमाग जोडलेले दोन किंवा अधिक ट्रेलर, ओढणाऱ्या ‘एमसी’ वर्गासाठी त्यानंतर आणखी किमान एक वर्ष. आधी घेतलेला अनुभवाचा उतारा इथे कामाला येतो, कारण परदेशातली वर्षे धरली जावीत असे सांगायचे असेल तर पुरावा तोच असतो.

कोणता वर्ग घ्यावा

वर्ग वजनावर ठरतात, पण वजन मोजण्याची रीत वेगळी असते. युरोपात 3,500 किलोपेक्षा अधिक कमाल वजनाचा ट्रक ‘सी’ वर्गात येतो, 7,500 किलोपर्यंतचा ‘सी1’ मध्ये, आणि 750 किलोपेक्षा जड ट्रेलर जोडला की ‘सीई’ लागतो. अमेरिकेत जोडवाहनाचे, म्हणजे ट्रक व त्याला जोडलेला ट्रेलर मिळून, ठरवून दिलेले एकूण वजन 26,001 पौंड किंवा अधिक आणि त्यात ओढल्या जाणाऱ्या भागाचे वजन 10,000 पौंडांहून अधिक असेल तर ‘ए’ वर्ग लागतो. हे वजन रिकाम्या ट्रकचे किंवा त्या दिवशीच्या मालाचे नसते. उत्पादकाने पाटीवर लिहिलेली कमाल मर्यादा धरली जाते.

ज्यांना शक्य आहे त्यांनी सर्वात वरच्या वर्गाचा परवाना एकदाच घ्यावा असे माझे मत आहे. ब्रिटनने नोव्हेंबर 2021 पासून मधला ‘सी’ टप्पा न घेता थेट ‘सीई’ची चाचणी देण्याची मुभा दिली आहे. मात्र ज्या वाहनावर चाचणी दिली त्याच्या मर्यादा परवान्यावर उमटतात हे विसरू नये. अमेरिकेत ऑटोमॅटिक ट्रकवर चाचणी दिली तर हाताच्या गिअरचा ट्रक चालवता येत नाही, आणि एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक, नसलेल्या वाहनावर दिली तर एअर ब्रेकचे ट्रक बंद होतात. पहिले बंधन आता पूर्वीइतके जाचत नाही, कारण नवे ट्रक मोठ्या प्रमाणात ऑटोमॅटिक येतात. दुसरे बंधन मात्र घेऊच नये. ओंटारिओत एअर ब्रेकसाठी ‘झेड’ ही वेगळी जोड असते, म्हणून तिथे सर्वजण ‘एझेड’ असेच म्हणतात.

वैद्यकीय तपासणी

ही तपासणी शिकवणीचे पैसे भरण्याआधी करावी. डोळ्यांचे निकष मोटारीपेक्षा बरेच कडक असतात: ब्रिटन व युरोपात चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह किमान 0.8 आणि दुसऱ्याची किमान 0.1 लागते, तर अमेरिकेत सामान्यतः प्रत्येक डोळ्याची 20/40 लागते आणि लाल, हिरवा व पिवळसर रंग ओळखता यावे लागतात. अमेरिकेत वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त 24 महिन्यांचे मिळते. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला तर ते एक वर्षाचे किंवा त्याहून कमी मुदतीचे होते. तपासणी करणारा डॉक्टर राष्ट्रीय नोंदणीतला असावा लागतो, ओळखीच्या डॉक्टरांची सही चालत नाही. मधुमेह, झोपेत श्वास अडणे, हृदयविकार किंवा फेफरे यांचा इतिहास असेल तर तो लपवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांना अमेरिकेत 2018 पासून उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अहवालावर परवानगी मिळू शकते, पण लपवलेला आजार अपघातानंतर उघड झाला तर परवान्याबरोबर विमाही जातो.

लेखी परीक्षा आणि भाषा

शिकाऊ परवान्यासाठी लेखी परीक्षा असते. अमेरिकेत अवजड वाहन चालवण्याचे सामान्य ज्ञान, एअर ब्रेक आणि जोडवाहन असे वेगवेगळे पेपर असतात आणि प्रत्येकात 80 टक्के गुण लागतात. ब्रिटनमध्ये बहुपर्यायी 100 प्रश्नांपैकी 85 बरोबर यावे लागतात, शिवाय रस्त्यावरचे धोके वेळेत ओळखण्याची चित्रफितींवरची वेगळी चाचणी असते. जुन्या चालकांना या दुसऱ्या चाचणीचा राग येतो, कारण त्यांना धोका दिसतो पण बटण फार लवकर किंवा सलग अनेकदा दाबल्याने गुण जातात. त्यासाठी सराव लागतो, अनुभव पुरत नाही.

अभ्यास सरकारी पुस्तिकेतूनच करावा. फिरत्या प्रश्नसंचांतून पाठ केलेली उत्तरे लेखी परीक्षेत तारून नेतात आणि प्रत्यक्ष चाचणीत उघडी पडतात, कारण तिथे परीक्षक तोच मुद्दा ट्रकपाशी उभे करून विचारतो. भाषेबद्दलही हेच. काही ठिकाणी लेखी परीक्षा इतर भाषांत देता येते, पण अमेरिकेत वाहन चालवण्याची चाचणी इंग्रजीतच होते, आणि जून 2025 पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी बोलता-वाचता न येणाऱ्या चालकाला जागीच थांबवण्याची अंमलबजावणी सुरू आहे. व्याकरणशुद्ध बोलण्याची गरज नाही. ‘कुठून निघालात, गाडीत काय माल आहे, कागद दाखवा’ एवढे संभाषण आणि रस्त्यावरच्या फिरत्या पाट्या वाचता आल्या पाहिजेत.

प्रशिक्षण आणि शाळेची पारख

6 एप्रिल 2018 रोजी कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस आणि ट्रक यांच्या अपघातात 16 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तिथल्या प्रांतांनी ट्रेलर ट्रकसाठी प्रशिक्षण सक्तीचे करण्याचा धडाका लावला. ओंटारिओने ते त्याआधीच, 1 जुलै 2017 पासून, किमान 103.5 तासांचे केले होते. सास्काचेवानने 2019 मध्ये 121.5 तासांचे केले. अमेरिकेत 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या चालकाला सरकारी नोंदवहीतल्या प्रशिक्षकाकडेच शिकावे लागते. तिथे तासांची किमान संख्या नाही. प्रशिक्षकाने सक्षम ठरवल्यावर तो तसे ऑनलाइन नोंदवतो आणि मगच चाचणीचा मार्ग मोकळा होतो. शिकाऊ परवाना मिळाल्यावर किमान 14 दिवस थांबण्याचीही अट आहे.

तास ठरवलेले नसले की स्वस्त शाळा बोकाळतात. शाळा नोंदवहीत आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहावे. त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत: एका ट्रकमागे किती विद्यार्थी असतात, प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किती तास मिळतात, आणि चाचणी कोणत्या वाहनावर दिली जाते. ‘चाळीस तासांचे प्रशिक्षण’ म्हणताना चौघेजण एका केबिनमध्ये बसून एकमेकांचे चालवणे पाहत असतील तर हाताशी दहाच तास येतात. न घेतलेल्या तासांवर सही मागणारी शाळा लगेच सोडावी. तपासणीत ती सापडली की तिच्या विद्यार्थ्यांचे परवानेही धोक्यात येतात. काही वाहतूक कंपन्या शुल्क स्वतः भरून त्याबदल्यात ठरावीक काळ काम करण्याचा करार करून घेतात. पैसे नसलेल्यासाठी ही सोय वाईट नाही, पण मध्येच सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल ते सहीपूर्वी वाचावे. नोकरीच्या किंवा व्हिसाच्या मोबदल्यात पैसे मागणारा मध्यस्थ मात्र टाळावाच.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीचे साधारण तीन भाग असतात: वाहनाची तपासणी, मोकळ्या जागेतले वळवणे व मागे घेणे, आणि रस्त्यावरचे चालवणे. अनुभवी चालक पहिल्याच भागात अडकतात. तपासणी ते रोज करतात, पण मुकाट्याने. परीक्षकाला मात्र प्रत्येक भाग बोटाने दाखवून त्याचे नाव आणि त्यात काय बिघाड असू शकतो ते मोठ्याने ऐकायचे असते. टायरकडे नुसते पाहून पुढे गेलात तर तो तपासलाच नाही असे धरले जाते. ‘टायरवर चीर किंवा फुगवटा नाही, नक्षीची खोली पुरेशी आहे, हवा मोजली आहे, नटांभोवती गंज उतरलेला नाही’ असे म्हणावे लागते. घरी ट्रकचे चित्र समोर ठेवून हे बोलण्याचा सराव करता येतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

एअर ब्रेकची तपासणी अमेरिकेत विशेष काटेकोर असते आणि ती चुकली तर तपासणीचा भाग तिथेच नापास होतो. तिचा क्रम असा. चाकांना अडणी लावून इंजिन चालू ठेवावे आणि हवेचा दाब कॉम्प्रेसर आपोआप थांबेपर्यंत भरू द्यावा. हा आकडा साधारण 120 ते 140 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) दरम्यान असतो. मग इंजिन बंद करून किल्ली चालू स्थितीत ठेवावी आणि पार्किंग ब्रेकचे पिवळे बटण व ट्रेलरच्या हवेचे लाल बटण ही दोन्ही आत ढकलावीत. काटा स्थिर झाल्यावर एक मिनिट पाहावे: जोडवाहनात 3 पीएसआयपेक्षा जास्त घट चालत नाही. त्यानंतर ब्रेकचे पेडल पूर्ण दाबून धरावे आणि आणखी एक मिनिट काट्याकडे पाहावे. या वेळी मर्यादा 4 पीएसआयची असते. पुढे पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवत न्यावी. दाब 60 ते 55 पीएसआयच्या आसपास आला की धोक्याचा दिवा व घंटा सुरू झाली पाहिजे, आणि 45 ते 20 पीएसआयच्या दरम्यान दोन्ही बटणे ठप्पकन बाहेर उडाली पाहिजेत. प्रत्येक पायरीला आपण काय पाहतो आहोत आणि मर्यादा किती आहे, हे परीक्षकाला सांगत जावे. आकडे बरोबर आले पण सांगितले नाहीत, तर गुण नाहीत.

मागे घेताना वेळेची घाई नसते. ठरावीक वेळा थांबून खाली उतरून पाहता येते, आणि ती मुभा वापरणारा चालक परीक्षकाच्या नजरेत कमी ठरत नाही. ट्रेलर जोडल्यावर पाचव्या चाकाच्या (ट्रकच्या मागची, ट्रेलर अडकवण्याची तबकडी) जबड्याने किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालचा जोडखिळा, खरोखर धरला आहे का, हे टॉर्चने आत डोकावून पाहावे आणि नंतर ट्रेलरचे ब्रेक लावून हलकी ओढ देऊन खात्री करावी.

रस्त्यावरच्या भागात जुनी सवय वैरी ठरते, विशेषतः वाहतुकीची बाजू बदललेली असेल तर. नवखा आणि जुना अशा दोघांनाही सरळ रस्त्यावर बाजूचे भान राहते. घोटाळा होतो तो वळणावर आणि रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना. त्यात ट्रेलर वळणाच्या आतल्या अंगाला कापत येतो, आणि बाजू बदलली की लहान, जाचक वळण चालकाच्या दृष्टीने उलट्या अंगाला जाते. म्हणून नव्या देशात मोटार चालवतानाच आरशांचा क्रम बदलून घ्यावा. रेल्वे फाटकापाशीचे नियम, पुलाच्या उंचीची पाटी आणि वजनाची मर्यादा यांपैकी एक चुकली तरी चाचणी संपू शकते. नुकतेच ज्याच्या खालून आलात त्या पुलावर किती उंची लिहिली होती, असे परीक्षक पुढे गेल्यावर विचारू शकतो.

परवाना हातात आल्यावर

युरोप व ब्रिटनमध्ये परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रताही लागते. युरोपात ती परवान्यावर ‘95’ या सांकेतिक आकड्याने नोंदवली जाते. प्रारंभिक पात्रतेचे प्रशिक्षण 280 तासांचे, किंवा जलद मार्गाने 140 तासांचे असते, आणि पुढे दर पाच वर्षांनी 35 तास पूर्ण करावे लागतात. ब्रिटनमध्ये याच पात्रतेसाठी प्रसंगांवर आधारित लेखी परीक्षा व ट्रकपाशी उभे राहून दाखवण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. टॅकोग्राफसाठी, म्हणजे चालवण्याचे व विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या यंत्रासाठी, चालकाच्या नावाचे कार्ड लागते. ते येण्यास वेळ जातो, म्हणून परवान्यामागोमाग लगेच अर्ज करावा.

चालवण्याच्या तासांचे नियम पहिल्या दिवसापासून लागू होतात. युरोपात साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदा 10. अमेरिकेत 14 तासांच्या आत 11 तास चालवणे आणि त्याआधी सलग 10 तास कामाबाहेर. मालकाने सांगितले म्हणून हे मोडले तरी दंड चालकाच्या नावावर चढतो.

पहिली नोकरी परवान्यापेक्षा विम्यामुळे अडते. अनेक विमा कंपन्या स्थानिक अनुभवाची दोन-तीन वर्षे मागतात, आणि त्यामुळे मालकाची इच्छा असूनही तो नव्या चालकाला गाडी देऊ शकत नाही. मोठ्या ताफ्याच्या कंपन्या, ज्यांच्याकडे नव्या चालकाबरोबर जुना चालक बसवण्याची सोय असते, तिथे आधी प्रयत्न करावा. जुनी अनुभवपत्रे आणि नोंदीचा उतारा विमा कंपनीपुढे ठेवण्यास मालकाला सांगावे. सर्वच मान्य करत नाहीत, पण काही करतात. कॅनडात काही मालक चालकाला स्वतःची कंपनी काढायला लावून पगाराऐवजी बिल मागतात. एकाच मालकाचा ट्रक त्याच्याच वेळापत्रकावर चालवणारा माणूस बहुधा नोकरच ठरतो, आणि अशा व्यवस्थेत कर, अपघात विमा व रजा यांचा भार त्याच्यावर येऊन पडतो. सही करण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे.

पत्ता बदलला, वैद्यकीय प्रमाणपत्र संपत आले किंवा जुन्या देशाचा परवाना हाती राहिला असेल, तर या तिन्ही गोष्टी परवाना विभागाला वेळेत कळवाव्यात. अमेरिकेत व्यावसायिक चालकाला एकाहून अधिक परवाने ठेवता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपली की व्यावसायिक दर्जा काढून घेतला जातो, आणि बऱ्याच जणांना हे रस्त्यावरच्या तपासणीत अधिकारी सांगतो तेव्हाच कळते. म्हणून त्याची तारीख संपण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवावी आणि नवे प्रमाणपत्र विभागाच्या नोंदीत चढले आहे का, हे स्वतः पाहावे.